धाप लागली म्हणून थांबू नका, पण धाप ओळखायला शिका

वस्तीतली बाई पाणी भरते, चार घरची धुणीभांडी करते आणि तपासायला आली की म्हणते, "सिस्टर, व्यायाम कशाला? काम काय कमी आहे?" काम भरपूर आहे, खरंच. पण त्यात कंबर आणि गुडघे दुखतात, हृदयाला मात्र सलग जोर लावायची वेळ क्वचित येते. शरीराकडून जेवढं मागाल, तेवढीच तयारी ते ठेवतं. रोजच्या झेपण्यापेक्षा थोडं जास्त मागितलं, की काही आठवड्यांत हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलू लागतं आणि तोच जिना चढताना धाप कमी लागते. साखर व रक्तदाब आटोक्यात ठेवायलाही मदत होते.

बारामतीच्या लता करे यांचं नाव ऐकलं असेल. साठी ओलांडलेली कष्टकरी बाई. नवऱ्याच्या एमआरआयला पैसे नव्हते, म्हणून बारामतीच्या शरद मॅरेथॉनमध्ये ज्येष्ठांच्या गटात उतरल्या. अंगावर नऊवारी, पाय अनवाणी, आणि पहिल्या आल्या. 2020 च्या त्यांच्यावरच्या चित्रपटात त्यांनी स्वतःचीच भूमिका केली. लोक ही जिद्दीची गोष्ट म्हणून सांगतात. मला आधी राग येतो. तपासणीसाठी म्हाताऱ्या बाईला धावावं का लागावं? तरी एक आहे. वय झालं, कपडे तसे नाहीत, लोक हसतील, या ज्या सबबींवर आपण घरी बसतो, त्या सगळ्या त्यांनाही सांगता आल्या असत्या.

पण त्यांची नक्कल करू नका. सराव हळूहळूच वाढवायचा. माण तालुक्यातल्या ललिता बाबर मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत सलग तीनदा पहिल्या आल्या. मग ते जमलेलं सोडून अडथळे आणि पाण्याचे खड्डे ओलांडायच्या 3000 मीटर स्टीपलचेसकडे वळल्या आणि 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरी गाठली. त्यामागे वर्षांचा सराव होता.

आपण एका मिनिटापासून सुरू करू. पाच मिनिटं चाला. मग एक मिनिट सावकाश धावा, दोन मिनिटं चाला, असं सहा वेळा. आठवड्यातून तीन दिवस पुरे. धावताना शेजारणीशी एखादं वाक्य बोलता आलं पाहिजे. शब्दच फुटेना तर वेग कमी करा. दोन आठवड्यांनी धावण्याचं मिनिट दीड करा. पनवेलच्या दमट हवेत घाम वाळत नाही, अंग तापतं, म्हणून उजाडतानाच निघा आणि पाणी पिऊन निघा.

त्याआधी हिमोग्लोबिन तपासा. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून जास्त स्त्रियांना रक्तक्षय आढळला. रक्त कमी असेल तर चालतानाही धाप लागते. ती आळसाची नव्हे, तिला उपचार लागतात. रक्तदाब, हृदयविकार किंवा गरोदरपण असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. साखरेचं औषध चालू असेल तर तेही विचारा, खिशात साखर ठेवा आणि अनवाणी मुळीच धावू नका. पायाची जखम कळत नाही आणि चिघळते.

छातीवर दाब आला, दुखणं हाताकडे किंवा जबड्याकडे गेलं, चक्कर आली, तर तिथेच थांबा आणि थेट दवाखाना गाठा. एकटी निघू नका. गल्लीतल्या तिघी-चौघी मिळून निघा, म्हणजे एखादीला काही झालं तर दुसरी रिक्षा तरी बोलावेल.