जुनी मोटार आणि पत्र्याचा कारागीर
द्वितीय वर्ष, कला

‘जुने ते सोने’ असे आपण म्हणतो. पण जुना पत्रा म्हणजे काही सोने नव्हे. तो सडतो. म्हणूनच जुनी मोटार पूर्ववत करण्यासाठी कोणत्या गॅरेजकडे द्यावी, हा प्रश्न केवळ हौसेचा नसून पारखीचाही आहे.

प्रीमियर पद्मिनीचेच उदाहरण घेऊ. ही मूळची इटलीची फियाट ११००. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यात ती तयार होई. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईत या गाडीची टॅक्सी बंद झाली. हौशी लोकांच्या दारात मात्र पद्मिनी अजून उभ्या आहेत.

या गाडीला वेगळी चासी नसते. तळाचा पत्रा, खांब आणि दाराखालच्या पट्ट्या मिळूनच तिचा सांगाडा होतो. त्यामुळे तळ सडला की सारी गाडीच कमजोर होते. पाणी साचते ते दारांच्या तळाशी, गालिच्याखाली आणि मडगार्डच्या कडांना. गंजही तेथेच धरतो. त्यावर उपाय दोन. सडलेला भाग कापून नवा पत्रा वेल्डिंगने जोडणे, हा खरा. त्यावर पुट्टी थापून रंग मारणे, हा खोटा. गाडी ताब्यात मिळते त्या दिवशी दोन्ही सारखेच दिसतात. फरक कळतो तो एकदोन पावसाळ्यांनंतर, रंगाला फोड आल्यावर.

तेव्हा काम देण्यापूर्वी गॅरेजात अर्धवट उघडलेली गाडी पाहावी. तेथे पत्रा खोटे बोलत नाही. त्याच गॅरेजने दोन वर्षांपूर्वी केलेली गाडी मिळाल्यास तिच्यावर फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक फिरवावे. जाड पुट्टीवर ते चिकटत नाही. रंग खरवडल्याशिवाय गंज किती आहे ते कळत नाही; म्हणून आधीच ठोक रक्कम सांगणाऱ्यापेक्षा खरवडणे, पत्राकाम, प्रायमर, रंग असे टप्पे लिहून देणारा बरा. पैसेही टप्प्याटप्प्याने द्यावेत. काढलेल्या पट्ट्या, दिवे, मुठी यांची यादी करून छायाचित्रे घ्यावीत.

कागदपत्रेही विसरू नयेत. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरील गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंद होऊ शकते. मात्र तिची बॉडी, चासी व इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा. चासी नंबर घासला जाणार नाही, याचीही काळजी घ्यावी.

येथवर गिऱ्हाइकाची बाजू झाली. माझे वडील डेंटिंगचे काम करतात, म्हणून दुसरी बाजूही मी घरी पाहिली आहे. एकदा एक गृहस्थ म्हणाले, “वरून चकाचक करा, आत कोण बघतो?” वडिलांनी ते काम घेतले नाही. त्या महिन्यात घरात ओढाताण झाली, आणि मला त्यांचा रागही आला होता. आज वाटते, त्यांचे बरोबर होते. पुट्टी थापणारा कारागीर दोषी खराच. पण निम्म्या पैशांत आणि निम्म्या दिवसांत गाडी मागणारा मालकही तितकाच दोषी आहे.

चांगला कारागीर हवा असेल, तर त्याच्या वेळेचे आणि मेहनतीचे मोल देण्याची तयारीही आपण ठेवली पाहिजे.