कानाच्या मशीनची दोनदा परीक्षा कशाला?

प्रश्न : माझ्या सासूबाईंसाठी नुकतंच कानामागे लावायचं श्रवणयंत्र घेतलं. देण्याआधी ऑडिओलॉजिस्ट ताईंनी ते एका लहानशा पेटीत ठेवलं, झाकण लावलं आणि संगणकावर आलेख काढले. मग सासूबाईंना स्पीकरसमोर बसवून कानात एक बारीक मऊ नळी सरकवली, कसल्यातरी अगम्य भाषेतली बडबड ऐकवली आणि पुन्हा आलेख काढले. नवं कोरं यंत्र पेटीत पास झालं होतं, तर कानात पुन्हा तपासायचं कारण काय? आणि त्या पेटीत असतं तरी काय?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : या दोन तपासण्या दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं शोधतात. यंत्र कंपनीने कागदावर लिहून दिल्याप्रमाणे चालतंय का, हे पेटी सांगते. तेच यंत्र सासूबाईंच्या कानात, त्यांच्या पडद्यापाशी, त्यांना हवा तेवढा आवाज पोचवतंय का, हे नळी सांगते. पहिल्याचं उत्तर ‘हो’ असूनही दुसऱ्याचं ‘नाही’ येऊ शकतं, आणि बऱ्याचदा येतं. तुमच्या ऑडिओलॉजिस्टने दोन्ही तपासण्या केल्या हे फार चांगलं झालं. प्रत्येक श्रवणयंत्राच्या वाट्याला हे यायला हवं.

आधी पेटी पाहू. तिच्या भिंतींना आवाज शोषून घेणारं जाड अस्तर असतं आणि आत एक स्पीकर असतो. शिवाय दोन मायक्रोफोन असतात. एक श्रवणयंत्राच्या मायक्रोफोनला अगदी खेटून ठेवतात. यंत्रात किती आवाज शिरतोय यावर तो लक्ष ठेवतो. दुसरा असतो ‘कपलर’ नावाच्या धातूच्या नळकांड्याच्या तळाशी. यंत्रातून बाहेर पडणारा आवाज या नळकांड्यातल्या छोट्या पोकळीत सोडतात आणि मोजतात. आत ६० डेसिबल गेले आणि बाहेर ९५ आले, तर यंत्राचा गेन ३५ डेसिबल. हाच हिशेब २०० ते ५००० हर्ट्झपर्यंतच्या सुरांवर ओळीने केला की पडद्यावर ती वळणदार रेघ उमटते.

कपलरमधली पोकळी बरोबर २ घन सेंटिमीटरची असते. अमेरिकेतल्या बेल टेलिफोन लॅबोरेटरीजच्या एफ. एफ. रोमानोव्ह यांनी १९४२ मध्ये श्रवणयंत्रं मोजण्याच्या पद्धतींवर निबंध लिहिला, तेव्हापासून ही पोकळी रूढ आहे. खऱ्या कानात मोल्ड, म्हणजे कानाच्या मापाचा साचा, बसवल्यावर पडद्यापर्यंत उरणारी जागा याहून बरीच लहान असते. तरीही ही पोकळी टिकली, कारण ती सगळीकडे सारखीच बनवता येते. कारखान्यातला आकडा आणि चिपळूणच्या क्लिनिकमधला आकडा शेजारी ठेवून ताडून बघता येतात, ते त्यामुळेच.

प्रश्न : पेटी लावून झाकण बंद केलं की झालं, की मांडणीलाही काही शिस्त असते?

उत्तर : खरी कसोटी मांडणीचीच. तराजूचा पासंग न बघता केलेलं वजन जसं भरवशाचं नसतं, तसा मांडणी चुकलेला आलेखही भरवशाचा नसतो. तो दिसतो मात्र अगदी शास्त्रशुद्ध, म्हणून जास्त घातक.

पेटी शांत खोलीत, न हलणाऱ्या टेबलावर ठेवायची. पंखा आणि एसी बंद. मग मायक्रोफोनची पारख. कॅलिब्रेटर नावाचं छोटं उपकरण १००० हर्ट्झवर ९४ डेसिबलचा नेमका सूर देतं. ते मायक्रोफोनवर बसवल्यावर पडद्यावर ९४ च दिसायला हवेत.

त्यानंतर येतं ‘लेव्हलिंग’. यंत्राचा मायक्रोफोन पेटीतल्या खुणेच्या जागी आणायचा, पहिला मायक्रोफोन त्याच्यापासून काही मिलिमीटरवर ठेवायचा आणि झाकण लावायचं. स्पीकर सगळे सूर वाजवून बघतो आणि त्या जागी प्रत्येक सूर सारख्याच पातळीने पोचेल अशी दुरुस्ती स्वतः करतो. हे यंत्र जागेवर ठेवूनच करायचं, कारण एवढीशी वस्तूही भोवतालचा आवाज बदलते. नंतर यंत्र जरा सरकलं तरी लेव्हलिंग पुन्हा करावं लागतं.

पुढे कपलरची जोडणी. कानामागच्या यंत्राचा हुक २५ मिलिमीटर लांबीच्या नळीने कपलरला जोडतात. कानात बसणारं यंत्र किंवा बारीक वायरच्या टोकाला रिसीव्हर असलेलं यंत्र पुट्टीने कपलरच्या तोंडावर चिकटवतात. टोक कपलरच्या भोकाशी समपातळीत हवं, आणि व्हेंटचं, म्हणजे हवेसाठीचं, भोक असेल तर तेही बुजवायचं. नवख्याचा हात इथेच चुकतो. पुट्टीत केसाएवढी फट राहिली तर आलेखाची डावी बाजू, म्हणजे जाड सुरांची बाजू, एकदम खाली बसते. यंत्र नादुरुस्त असल्याची शंका येते. झाकण उघडून पुट्टी अंगठ्याने कडेकडेने दाबली आणि पुन्हा मोजलं की तीच रेघ वर येते. म्हणून डावी बाजू खचलेली दिसली तर यंत्राला बोल लावण्याआधी पुट्टीवर बोट फिरवायचं. नळी कडक झालेली असेल किंवा तिला चीर गेलेली असेल तरी असंच होतं.

शेवटची गोष्ट डिजिटल यंत्रांची. सलग एकाच सुरात वाजणारा आवाज ऐकला की अशा यंत्राला तो गोंगाट वाटतो किंवा स्वतःचीच शिट्टी वाटते, आणि ते तो दाबायला लागतं. मग गेन कमी दिसतो. त्यामुळे सुरांनी तपासताना गोंगाट कमी करणारी आणि शिट्टी रोखणारी सोय बंद करतात, आणि समोरचाच आवाज टिपण्याची सोय असेल तर तीही काढतात. यासाठी बऱ्याच यंत्रांत वेगळा ‘टेस्ट मोड’ असतो.

प्रश्न : प्रिंटवर पुष्कळ आकडे आहेत. त्यातले आमच्या कामाचे कोणते?

उत्तर : पाच आकडे पुरेत. कंपनीच्या माहितीपत्रकात तेच आकडे असतात. दोन्ही कागद शेजारी ठेवायचे. अमेरिकेचं एएनएसआय एस ३.२२ हे मानक जगभर वापरात आहे आणि किती फरक चालेल ते त्यात ठरवून दिलेलं आहे.

पहिला ओएसपीएल ९०. यंत्राला ९० डेसिबलचा मोठा आवाज देतात आणि ते जास्तीत जास्त किती जोरात ओरडू शकतं ते बघतात. हा सुरक्षेचा आकडा आहे. माहितीपत्रकात सर्वोच्च पातळी १२८ लिहिली असेल, तर पेटीत ती १३१ च्या वर जाता कामा नये. १०००, १६०० आणि २५०० हर्ट्झ या तीन सुरांची सरासरी मात्र ४ डेसिबलने वर किंवा खाली चालते.

दुसरा पूर्ण गेन. आवाज पूर्ण वाढवलेला ठेवून ५० डेसिबल देतात. वरच्याच तीन सुरांची सरासरी ५ डेसिबलच्या आत जुळायला हवी.

तिसरा विकृती. यंत्राने मूळ सुरात स्वतःचे किती जादा सूर मिसळले, ते टक्क्यांत येतं. नमूद आकड्यापेक्षा ३ टक्क्यांहून जास्त वाढ नको. ती असेल तर बोलणं खरखरीत, फाटल्यासारखं ऐकू येतं.

चौथा यंत्राचा स्वतःचा गोंगाट. तो नमूद पातळीपेक्षा ३ डेसिबलहून जास्त असेल, तर शांत खोलीतही सूऽऽ असा आवाज येत राहतो.

पाचवा सेलमधून ओढला जाणारा प्रवाह. २० टक्क्यांपेक्षा जास्त वाढला तर सेल लवकर संपतो आणि घरच्यांना वाटतं की दुकानदाराने जुना सेल दिला.

प्रश्न : हे सगळं जुळलं, तरीही कानात का तपासायचं?

उत्तर : कारण कुणाचाही कान २ घन सेंटिमीटरचं धातूचं नळकांडं नाही. जागा जितकी लहान, तितका तिथला आवाज मोठा. मोठ्या माणसाच्या कानातही बारीक सुरांची पातळी कपलरपेक्षा बरीच जास्त भरते. तान्ह्या बाळाच्या इवल्याशा कानात तेच यंत्र बारीक सुरांवर २० डेसिबलपर्यंत जादा आवाज तयार करू शकतं. २० डेसिबल म्हणजे ध्वनीचा दाब दसपट. पेटीत निर्धोक वाटणारं यंत्र बाळाच्या कानाला नकोइतकं जोरात होऊ शकतं, आणि बाळ तर तोंडाने सांगू शकत नाही.

यासाठी ती नळी. नळीचं एक टोक कानाबाहेरच्या मायक्रोफोनला जोडलेलं असतं आणि दुसरं पडद्यापासून साधारण ५ मिलिमीटरवर ठेवतात. नळीवर आधीच खूण करतात: कानाच्या तोंडाशी असलेल्या खाचेपासून मोजून बायकांसाठी साधारण २८ मिलिमीटर, पुरुषांसाठी ३० च्या आसपास, लहान मुलांसाठी त्याहून कमी. आधी दुर्बिणीने कान बघायचा, कारण मळाने नळीचं तोंड बुजलं की मोजमाप फसतं. नळी स्वतः आवाजात जो फरक करते तोही आधी मोजून वजा करतात. मग माणसाला स्पीकरसमोर बसवून, यंत्र घालून हळू, मध्यम आणि मोठं बोलणं ऐकवतात. मध्यम म्हणजे ६५ डेसिबल, साधं घरगुती बोलणं. शेवटी एकदा मोठे सूर देऊन यंत्राची कमाल पातळी त्रासदायक तर होत नाही ना, हे बघतात.

संगणकाच्या पडद्यावर तुम्हाला काही चिन्हं दिसली असतील. ती त्या माणसाच्या ऑडिओग्रामवरून, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीच्या आलेखावरून, काढलेली लक्ष्यं. ती ठरवण्याची दोन सूत्रं जगभर चालतात: ऑस्ट्रेलियातलं एनएएल आणि कॅनडातलं डीएसएल. रेघ लक्ष्याच्या ५ डेसिबलच्या आत आणायची असते. कंपनीचं सॉफ्टवेअर पहिल्या झटक्यात जी जुळणी करतं ती सरासरी कान गृहीत धरून असते. बारीक सुरांवर, म्हणजे ‘स’, ‘श’, ‘फ’ जिथे राहतात तिथेच, ती पुष्कळदा कमी पडते. मग सासूबाई म्हणतात, “आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत.” नळीने मोजल्याशिवाय ही उणीव नेमकी किती आहे हे दिसत नाही.

बाळांच्या बाबतीत दोन्ही तपासण्या हातात हात घालून चालतात. बाळाच्या कानात नळी घालून एकदाच, काही सेकंदांत, त्याचा कान आणि कपलर यांतला फरक मोजून ठेवतात. मग बाळ आईच्या मांडीवर झोपलेलं असतं, आणि तो फरक हिशेबात धरून यंत्राची पुढची सगळी जुळणी पेटीत होते. मूल वाढतं तसा कान वाढतो, म्हणून हा फरक मधूनमधून पुन्हा मोजावा लागतो. श्रवणदोष असलेल्या बाळाच्या आईवडिलांनी याबद्दल न चुकता विचारावं.

प्रश्न : ती बडबड मराठी नव्हती. मग मराठी ऐकण्यासाठी यंत्र बरोबर आहे हे तिच्यावरून कसं कळणार?

उत्तर : ती बडबड कुठल्याच भाषेतली नाही, आणि मुद्दामच नाही. तिचं नाव आयएसटीएस. इंग्रजी, अरबी, चिनी, फ्रेंच, जर्मन आणि स्पॅनिश बोलणाऱ्या २१ स्त्रियांकडून वारा आणि सूर्याची गोष्ट वाचून घेतली, तिचे बारीक तुकडे केले आणि ते उलटसुलट जोडले. त्यात बोलण्याची लय, थांबे आणि चढउतार आहेत. अर्थ मात्र नाही. त्यामुळे डिजिटल यंत्राला ते बोलणंच वाटतं आणि ते त्याला दाबत नाही.

१९९४ मध्ये वेगवेगळ्या देशांतल्या १२ भाषांची तुलना प्रसिद्ध झाली. बोलण्यातली ऊर्जा जाड ते बारीक सुरांवर कशी वाटली जाते, याबाबतीत त्या भाषा एकमेकींच्या खूप जवळ निघाल्या. या तपासणीत मोजतात तीही ऊर्जाच, म्हणून मराठी माणसासाठीही ही बडबड चालते. शब्द समजतात की नाही, ही तिसरी परीक्षा. ती मराठी शब्दांच्या यादीनेच घ्यायला हवी. ज्येष्ठांना परक्या भाषेतले शब्द ऐकवून गुण देण्यात अर्थ नाही.

प्रश्न : माझ्या वडिलांना सरकारी शिबिरात मोफत यंत्र मिळालं. तेही असं तपासता येतं का?

उत्तर : नक्कीच. पेटी किंमत बघत नाही. यंत्राचं मॉडेल कळलं की माहितीपत्रक मिळतं आणि त्याच्याशी ताडता येतं. मोफत मिळालं म्हणून ते न तपासता वापरावं, हे मला मुळीच पटत नाही. ऐकण्याची गरज तीच असते. श्रवणविज्ञानाच्या पदवी अभ्यासक्रमात ही तपासणी शिकवली जाते. त्यामुळे असा अभ्यासक्रम असलेल्या संस्थेत विचारावं, उदाहरणार्थ मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था.

प्रश्न : घरी काय बघता येईल?

उत्तर : आकडे नाही मिळणार, पण बिघाड लवकर कळेल. स्टेथोक्लिप नावाचं साधन डॉक्टरांच्या स्टेथोस्कोपसारखंच असतं. त्याच्या टोकाला यंत्र लावून चांगलं ऐकू येणाऱ्या घरातल्या माणसाने रोज ऐकावं आणि आ, ऊ, ई, श, स, म हे सहा आवाज काढावेत. लिंग या तज्ज्ञाने सुचवलेले हे आवाज जाड ते बारीक असा बोलण्याचा सगळा पट्टा व्यापतात. ‘म’ स्वच्छ आणि ‘स’ गायब असेल, तर टोकाशी मळ अडकलेला असण्याचा संभव मोठा. खरखर आली तर नळीत पाण्याचे थेंब बघा. कोकणच्या पावसाळ्यात हे नेहमीचंच आहे. रात्री यंत्र सिलिका जेलच्या डबीत ठेवा. झिंक-एअर सेलचं स्टिकर काढल्यावर तो लगेच घालू नका, एक-दोन मिनिटं हवा लागू द्या.

यंत्र घेताना पेटीचा आणि कानाचा, दोन्ही प्रिंट मागून घ्या आणि ऑडिओग्रामसोबत फाइलला लावा. वर्षभराने सासूबाई “हल्ली मशीन मंद झालंय” म्हणाल्या, तर यंत्र पुन्हा पेटीत घालायला सांगा. नवा आलेख जुन्यावर बसला तर यंत्र ठीक आहे आणि ऐकण्याची तपासणी पुन्हा करायला हवी. नाही बसला तर यंत्र दुरुस्तीला द्यायचं. हातात जुना प्रिंट असेल तर हा निर्णय दहा मिनिटांत होतो. नसेल तर अंदाजाने नवं यंत्र विकत घ्यायची वेळ येते, आणि तो खर्च पुष्कळदा टाळता येण्यासारखा असतो.