मदतीची गाडी परतल्यानंतर

वादळ ही समुद्रकाठच्या लोकांची चिंता, अशी आपल्या परभणी जिल्ह्यात पिढ्यान्‌पिढ्या समजूत होती. ती आता टिकणारी नाही. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस बंगालच्या उपसागरात तयार झालेले कमी दाबाचे तीव्र क्षेत्र १ सप्टेंबरच्या पहाटे आंध्रच्या किनाऱ्यावर आले. विजयवाडा आणि खम्मम येथे हाहाकार उडवून ती प्रणाली देशाच्या अंतर्भागात सरकली आणि १ व २ सप्टेंबरला परभणी, हिंगोली, नांदेड जिल्ह्यांत अतिवृष्टी झाली. वर्ष लोटते न लोटते तोच, सप्टेंबर २०२५ मध्ये, मराठवाड्यावर पुन्हा महापुराचे संकट कोसळले.

अशा वेळी समाज धावून येतो. धान्य, कपडे, चादरी, औषधे घेऊन गाड्या निघतात. ही करुणा थोरच आहे. परंतु करुणेला प्रज्ञेची जोड हवी, असे आपला धम्म सांगतो. म्हणून मदत कोणाला, केव्हा आणि किती काळ, या प्रश्नांचा विचार आम्ही येथे मांडत आहोत.

आपत्तीनंतरचे तीन काळ

पहिला काळ काही तासांचा. त्यात जीव वाचतात ते शेजाऱ्याच्या हातांनी. पथक पोहोचेपर्यंत दोर, ट्रॅक्टर आणि पोहणारी तरुण मुले हीच गावाची यंत्रणा असते.

दुसरा काळ काही आठवड्यांचा. घरातला चिखल काढणे, विहिरीचा उपसा करून गाळ काढणे, पिण्याच्या पाण्यात टीसीएल पावडर टाकणे, मेलेली जनावरे खोल पुरणे, ही कामे न झाल्यास पुरातून वाचलेली माणसे साथीच्या रोगाने आजारी पडतात. या काळात अन्नाच्या पाकिटापेक्षा फावडे अधिक उपयोगाचे ठरते.

तिसरा काळ महिन्यांचा, कधी वर्षांचा. आपली काळी जमीन पाणी धरून ठेवते. वाफसा लवकर येत नाही. शेंगेतल्या सोयाबीनला कोंब फुटतात, कपाशीची बोंडे सडतात. नदीकाठची माती खरडून गेली, तर पुढचा हंगामही हातातून जातो. या काळात मदतीची गाडी येत नाही. खरे पुनर्वसन मात्र इथूनच सुरू होते.

पंचनाम्याबाहेरची माणसे

तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक मिळून पंचनामा करतात. पिकाचे नुकसान ३३ टक्के वा त्याहून अधिक असल्यास २०२५ मध्ये केंद्राच्या निकषांनुसार जिरायत पिकाला हेक्टरी ८,५०० रुपये मिळत होते. ही मदत तुटपुंजी आहे, हे शेतकरी सांगतातच. पण ज्याच्या नावे सातबाराच नाही, त्याचे काय? बटईने शेत करणाऱ्याचे बियाणे आणि घाम वाहून जातो. अनुदान मात्र सातबारावर ज्याचे नाव असते, त्याच्या खात्यात जमा होण्याचीच शक्यता अधिक. सोयाबीनची काढणी आणि कापसाची वेचणी बुडाली म्हणून मजूर बाईची जी मजुरी गेली, तिच्यासाठी पंचनाम्यात रकानाच नाही.

त्यातच अनेक गावांत दलित आणि भूमिहीनांच्या वस्त्या गावाच्या टोकाला, ओढ्याकाठच्या सखल जागी आहेत. पाणी तिथे आधी शिरते आणि मदत तिथे शेवटी पोहोचते. हे केवळ आपल्याकडे घडते असे नाही. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या नागपट्टिनम परिसरात निवारा आणि मदतवाटपात दलित कुटुंबांशी भेदभाव झाल्याच्या नोंदी आहेत. पुराचे पाणी जात पाहत नाही. वाटप करणारा हात कधीकधी पाहतो.

याचा शेवटचा आघात लेकरांवर होतो. हंगाम बुडाला की दसऱ्यानंतर ऊसतोडीची उचल घेणे भाग पडते. आईबाप कारखान्याकडे निघतात आणि मूलही त्यांच्यासोबत जाते. शाळेच्या पटावर नाव राहते, बाक रिकामा होतो. पुरात वाहून गेलेले दप्तर नवे देता येते. तुटलेले वर्ष परत देता येत नाही. म्हणून अशा वर्षी हंगामी वसतिगृह किंवा निवासी शाळेतील एक जागा ही अन्नाच्या पाकिटाइतकीच तातडीची मदत होय.

दोन धडे

विनयपिटकात एक प्रसंग आहे. अतिसाराने आजारी झालेला एक भिक्खू स्वतःच्या मलमूत्रात पडून होता. भगवान बुद्ध आणि आनंद यांनी त्याला अंघोळ घालून बिछान्यावर निजवले. इतरांनी त्याची सेवा का केली नाही, असे विचारता कळले, की तो कोणाच्या उपयोगी पडत नव्हता. तेव्हा तथागतांनी रुग्णाच्या सेवेला आपल्याच सेवेइतके मोल दिले. ज्याच्याकडून परतफेड होणार नाही, त्याच्याकडे आधी जावे, हा या प्रसंगाचा अर्थ आम्ही घेतो.

दुसरा धडा मराठवाड्याच्याच मातीतला. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात सुमारे आठ हजार माणसे दगावली. त्यानंतरच्या घरदुरुस्ती कार्यक्रमात गावोगावच्या स्त्रियांना ‘संवाद सहायक’ नेमण्यात आले. प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेने त्यांना साथ दिली. योजना काय आहे, पैसा कसा मिळतो, भूकंपात टिकणारे घर कसे बांधतात, हे त्यांनी घरोघरी जाऊन सांगितले. ज्यांच्यासाठी मदत होती, त्यांच्यातलीच माणसे मदतीची जाणकार झाली.

आपण काय करावे

माजी विद्यार्थी आज शिक्षक, परिचारिका, अभियंते, कर्मचारी आहेत. त्यांनी आपल्या गावात पावसाळ्यापूर्वीच एक वही तयार करावी. सखल भागातील घरे, एकट्या राहणाऱ्या वृद्ध स्त्रिया, गरोदर माता, अपंग व्यक्ती आणि बटईदार कुटुंबे तिच्यात नोंदवावीत. आधार, रेशनकार्ड, बँक पासबुक यांच्या प्रती प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवण्यास प्रत्येक घराला सांगावे. पंचनाम्याच्या दिवशी वस्तीत हजर राहून एकही पडके घर नोंदीतून सुटणार नाही, हे पाहावे. आणि दिवाळीनंतर पुन्हा एकदा जावे. कोणते मूल शाळेत नाही, ते विचारावे.

गाडीभर धान्य पाठवणे सोपे आहे. चौथ्या महिन्यात त्याच दारात पुन्हा उभे राहणे कठीण आहे. त्यासाठी पैशापेक्षा चिकाटी लागते आणि ती आपल्या माजी विद्यार्थ्यांकडे आहे, असा आमचा विश्वास आहे.