मनातील विचार तपासावे कसे?

गणिताचे उत्तर चुकले म्हणजे आपण पाटी फोडीत नाही; कोणत्या पायरीवर चूक झाली ते शोधतो. परंतु मन भयाने अथवा खिन्नतेने भरून आले असता पायऱ्या तपासण्याचे आपणांस सुचत नाही. ही तपासणी शिकविणारी जी उपचारपद्धती आज जगभर रूढ आहे, तिला बोधनिक वर्तनोपचार म्हणतात. तिची मूलतत्त्वे विद्यार्थ्यांस समजतील अशा रीतीने सांगण्याचे आम्ही येथे योजिले आहे.

पहिले तत्त्व असे की, घटना आणि भावना ह्यांच्यामध्ये एक विचार उभा असतो. मनुष्याला क्लेश होतात ते घटनेमुळे नव्हे, तर घटनेविषयीच्या त्याच्या समजुतीमुळे, असे एपिक्टेटस ह्या प्राचीन तत्त्ववेत्त्याने शिकविले होते. ह्याच सूत्रावर न्यूयॉर्कच्या अल्बर्ट एलिस ह्यांनी १९५५ साली आपली विवेकनिष्ठ उपचारपद्धती उभारली. आणि १९६० नंतरच्या दशकात फिलाडेल्फियाच्या ॲरन बेक ह्यांनी खिन्न रुग्णांच्या मनात आपोआप उमटणाऱ्या विचारांचा अभ्यास केला. महाराष्ट्रात ही विचारसरणी रुजविली ती मुंबईचे मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके ह्यांनी. एलिस ह्यांच्याशी त्यांनी अनेक वर्षे पत्रव्यवहार केला होता.

एलिस ह्यांनी ह्या साखळीचे तीन दुवे सांगितले. अ म्हणजे घटना, ब म्हणजे समजूत, क म्हणजे परिणाम. आता एक उदाहरण घेऊ. पाथर्डी तालुक्यातून नगरच्या वसतिगृहात आलेला नववीतील एक विद्यार्थी आपण कल्पू. आईबाप ऊसतोडीला जाऊन त्याला पैसे पाठवितात. बीजगणिताच्या चाचणीत त्याला शंभरपैकी ३२ गुण मिळाले, हा 'अ'. तो जेवत नाही, वर्गात येत नाही, हा 'क'. ह्या दोहोंच्यामध्ये त्याच्या मनात काय होते? "मी ढच आहे. दहावीत मी नापास होणारच. आईबापांचे कष्ट मी मातीत घातले." हा 'ब'.

ह्या वाक्यांतील 'च' कडे लक्ष द्यावे. व्याकरणात ते एक लहानसे शब्दयोगी अव्यय आहे. मनात मात्र ते फार मोठे होऊन बसते. "पहिला नंबर यावा" ही इच्छा होय. "आलाच पाहिजे" हा हट्ट होय. इच्छा विफल झाली तर वाईट वाटते, हट्ट विफल झाला तर सर्वनाश झालासा वाटतो. इच्छा ठेवून हट्ट सोडावा, हेच एलिस ह्यांच्या शिकवणीचे सार.

तपासणीची रीत सोपी आहे. वहीच्या पानावर चार रकाने आखावे. पहिल्यात घटना लिहावी. दुसऱ्यात मनात आलेला विचार, आणि तो शंभरात किती खरा वाटतो तो आकडा. तिसऱ्यात त्या विचाराच्या बाजूचा व विरुद्धचा पुरावा. चौथ्यात पुराव्यास धरून असलेला नवा विचार. आपल्या विद्यार्थ्याचा चौथा रकाना असा होईल : "बीजगणितात मी मागे आहे. भूमितीत व मराठीत मी उत्तीर्ण आहे. दहावीला अजून अवकाश आहे. समीकरणे कोणाकडून तरी समजावून घेतली पाहिजेत." त्याने "मी फार हुशार आहे" असे लिहिले नाही, हे ध्यानात घ्यावे. खोटी स्तुती हा उपाय नव्हे. खरेपणा हा उपाय होय. शेवटी दुसऱ्या रकान्यातील आकडा पुन्हा मांडून पाहावा. तो नव्वदावरून पन्नासावर आला तरी तपासणी सार्थकी लागली.

दुसरे तत्त्व वर्तनाचे. ज्याची भीती वाटते ते टाळले की तत्काळ बरे वाटते. म्हणूनच टाळण्याची सवय जडते आणि भीती वाढते. वर्गापुढे बोलण्यास भिणाऱ्या मुलीने प्रथम मैत्रिणीपुढे धडा वाचावा, मग चार जणींपुढे, मग वर्गापुढे. एका पायरीवर भय ओसरल्यावाचून दुसरीवर जाऊ नये. खिन्न मनुष्याने उत्साह येण्याची वाट पाहत बसू नये. दिवसाचे लहानसे वेळापत्रक करून काम आरंभावे, उत्साह मागून येतो. गोव्यातील १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत ह्याच तत्त्वाची परीक्षा झाली. मानसोपचाराचे पूर्वशिक्षण नसलेल्या सामान्य समुपदेशकांनी खिन्नतेच्या रुग्णांस असे उपक्रम शिकविले. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, तीन महिन्यांनी त्यांच्यापैकी शेकडा ६४ रुग्णांची खिन्नता ओसरली होती. केवळ नेहमीचे उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण शेकडा ३९ होते. आपल्या जिल्ह्यातील वाचकांस ह्याचे नवल वाटू नये. जामखेड येथे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे ह्यांनी १९७० साली आरंभिलेल्या कार्यात अल्पशिक्षित ग्रामीण स्त्रियांनी गावाचे आरोग्य सांभाळून दाखविलेच आहे.

तथापि ह्या रीतीची मर्यादाही सांगितली पाहिजे. विहीर आटली, पीक जळाले, घरातील माणूस गेले, तर ते दुःख विचाराची चूक नव्हे. तेथे रकाने आखण्यापूर्वी सोबत व साहाय्य द्यावे. झोप व भूक अनेक दिवस उडाली, किंवा जगूच नये असे वाटू लागले, तर वही बाजूस ठेवून तत्काळ वडील माणसांस, शिक्षकांस व डॉक्टरांस सांगावे. शासनाच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस व विनामूल्य उपलब्ध आहे.

विद्यार्थी मित्रहो, निकालाच्या दिवशी गुणपत्रिकेवर जे छापलेले असते, ते विषयांचे गुण असतात. मनुष्याची किंमत तेथे छापलेली नसते. ती आपण मनातल्या मनात लिहितो. म्हणून लिहिण्यापूर्वी पुरावा मागावा, आणि शेजारच्या बाकावरचा सोबती तसे लिहीत असेल, तर त्याच्या जवळ जाऊन बसावे.