शेवटची दोन प्रकरणं

सातारा,
28 डिसेंबर

चि. चिऊ हिस,


नव्या वर्षात अगाथा ख्रिस्तीच्या सगळ्या 66 रहस्यकादंबऱ्या वाचून काढायच्या, असा पण तू केलास हे दादानं फोनवर सांगितलं. एकाच लेखिकेला अख्खं वर्ष द्यावंसं तुझ्या वयात वाटलं याचा मला फार आनंद झाला. म्हणून दुकान बंद करून आले ती लगेच लिहायला बसले. पण मनापासून सांगते, 66 वाचू नकोस. बारा वाच. महिन्याला एक.

66 म्हणजे आठवड्याला एकाहून जास्त. मार्च उजाडेपर्यंत तुझं वाचन बाजूला पडेल आणि नुसती मोजणी उरेल. खुनी कळला की पुस्तक मिटायचं, दुसरं उघडायचं. ख्रिस्तीकडून जे शिकायचं ते या घाईत निसटून जाईल. ते काय, हे मी तिच्या पुस्तकातून नाही, आपल्या मेडिकलच्या काउंटरवर शिकले.

दुकान टाकून दोन वर्षं झाली होती. संध्याकाळची गर्दी होती. एका आजींच्या चिठ्ठीवरचं रक्तदाबाच्या गोळीचं नाव मी सवयीनं वाचलं आणि मिळत्याजुळत्या नावाची दुसरीच पट्टी त्यांच्या हातात दिली. आजी पायरी उतरल्या आणि परत आल्या. म्हणाल्या, “बाई, माझी गोळी पिवळी असती, ही पांढरी हाय.” त्यांना अक्षरओळख नव्हती. शिकलेली मी, चिठ्ठीवर जे असेल असं वाटलं तेच वाचलं. त्यांनी मात्र हातातली गोळी पाहिली. त्या रात्री मला झोप लागली नाही. तेव्हापासून प्रत्येक नाव मी दोनदा वाचते.

ख्रिस्तीचं सगळं कसब याच जागी आहे. ती वाचकापासून पुरावा लपवत नाही. तो पानावर उघडा पडलेला असतो आणि आपण त्यावरून पुढे जातो, कारण कोण सज्जन, कोण संशयित हे आपण आधीच ठरवून टाकलेलं असतं. फसवतो तो आपलाच समज. वर्षभर तिच्याबरोबर राहिलीस तर हा समज कुठे कुठे दबा धरून असतो, ते तुला ओळखता येईल.

ही बाई आमच्याच धंद्यातली, हे तुला ठाऊक आहे का? पहिल्या महायुद्धात तिनं टॉर्कीच्या रुग्णालयात आधी शुश्रूषेचं काम केलं, मग औषधं तयार करून देण्याच्या विभागात. त्यासाठीची परीक्षाही ती पास झाली. आजूबाजूला विषाच्या बाटल्या होत्या, त्यातूनच पहिली कादंबरी सुचली. त्याच सुमारास टॉर्कीत बेल्जियमचे निर्वासित आले होते, म्हणून तिचा गुप्तहेर हर्क्युल पॉयरो बेल्जियन झाला. 1916 साली लिहिलेलं ते पुस्तक कित्येक प्रकाशकांकडून परत येत 1920 साली छापलं गेलं. त्यातला विषप्रयोग औषधशास्त्रातल्या एका साध्या गोष्टीवर उभा आहे. ती आत्ता सांगत नाही. वाचून झालं की सातारला ये, दुकानातली एक बाटली काढून दाखवीन.

पुस्तकं क्रमानं वाच. पहिलं ‘द मिस्टीरियस अफेअर अ‍ॅट स्टाइल्स’. मग 1926 चं ‘द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड’. त्याविषयी कुणाकडून एक शब्दही ऐकून घेऊ नकोस, मोबाइलवर शोधू तर मुळीच नकोस. मग ‘मर्डर ऑन द ओरिएंट एक्स्प्रेस’, ‘डेथ ऑन द नाईल’, 1939 चं ‘अँड देन देअर वेअर नन’. मधली मी पत्राच्या मागे लिहून दिली आहेत. डिसेंबरला ‘कर्टन’ ठेव. पॉयरोची ही शेवटची कादंबरी तिनं दुसऱ्या महायुद्धात लिहून बाजूला ठेवली होती. ती 1975 साली बाहेर आली आणि पुढच्याच जानेवारीत ख्रिस्ती गेली. कथा परत स्टाइल्सच्या त्याच घरात येते. जानेवारीत त्या घरात शिरलेली तू डिसेंबरमध्ये पुन्हा तिथे पोचशील, तेव्हा वर्ष कशासाठी दिलं ते न सांगता कळेल.

ख्रिस्तीची दुसरी गुप्तहेर मिस मार्पल, तिला हलकं समजू नकोस. खेड्यात राहणारी, विणकाम करणारी म्हातारी. पोलीस तिच्याकडे लक्ष देत नाहीत, पण गावातल्या माणसांचे स्वभाव तिनं आयुष्यभर पाहून ठेवलेले असतात. तिच्याविषयी वाचताना मला दर वेळी त्या पिवळ्या गोळीच्या आजी आठवतात.

आणि ‘द पेल हॉर्स’ वाचशील तेव्हा हे ध्यानात ठेव. 1977 साली लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात कतारहून आणलेलं एक लहान मूल अत्यवस्थ होतं आणि डॉक्टरांना निदान होत नव्हतं. तिथली एक परिचारिका तेव्हा हीच कादंबरी वाचत होती. पुस्तकातल्या विषाची लक्षणं तिला त्या बाळात दिसली. तिनं बोलून दाखवलं, तपासणी झाली, तेच विष निघालं आणि मूल वाचलं. मन लावून केलेलं वाचन असं कामी येतं.

एक सावधगिरी. परदेशी माणसं, ज्यू, नोकरचाकर यांच्याविषयी तिच्या काळाचे आणि वर्गाचे पूर्वग्रह या पुस्तकांत जागोजाग आहेत. ते लागले की डोळेझाक करू नकोस, तिथे खूण कर. दुसऱ्यांचे समज उघडे पाडणारी लेखिका स्वतःच्या समजांत कुठे अडकली, हेही वर्षभराच्या सोबतीतच दिसतं.

आता रीत. एक दोनशे पानी वही कर. शेवटची दोन प्रकरणं राहिली की पुस्तक मिट आणि लिही: खुनी कोण, कशावरून, आणि कोणत्या पानावर काय पाहिलंस. मग शेवट वाच. चुकलीस तर ज्या पानावर चुकलीस तिथे परत जा. खरं शिकणं त्या पानावर आहे. ख्रिस्ती पुरातत्त्वज्ञ नवऱ्याबरोबर इराकमधल्या निमरूदच्या उत्खननावर जायची. तिथे निघालेले हस्तिदंती तुकडे ती विणायच्या सुईनं भेगांतली माती काढून, चेहऱ्याचं क्रीम लावून साफ करायची. तसं हळू हातानं वाच.

आजीलाही बरोबर घे. तिला इंग्रजी जमत नाही, पण मधुकर तोरडमलांनी ख्रिस्तीच्या कित्येक कादंबऱ्या मराठीत आणल्या आहेत. रविवारी तिला वाचून दाखव आणि तिचा संशय कुणावर आहे ते विचार. तिचं उत्तर वहीत तुझ्या उत्तराशेजारी लिही.

‘स्टाइल्स’ची माझी प्रत या पत्राबरोबर पाठवते आहे. शेवटच्या दोन प्रकरणांना रबरबँड लावला आहे. तुझा अंदाज वहीत उतरल्याशिवाय तो काढू नकोस.

तुझी,
आत्या