दात येतायत म्हणूनच का?

प्रश्न : आमचा नातू आठ महिन्यांचा आहे. किल्ली, चमचा, आजोबांचा चष्मा, हाताला लागेल ते आधी तोंडात जातं, मग उलटंसुलटं होतं, मग आपटलं जातं. सगळे म्हणतात, दात येतायत. तेवढंच कारण असतं का? — एक आजी, सांगली

उत्तर : दात येताना हिरड्या शिवशिवतात हे खरंच. पण आजी, दातांची चाहूलही नसते तेव्हापासून बाळं वस्तू तोंडात घालतात. गर्भात स्पर्शाची जाणीव सगळ्यात आधी ओठांभोवती जागी होते, साधारण आठव्या आठवड्यात. जन्मानंतरही बरेच महिने ओठ आणि जीभ बोटांपेक्षा तरबेज असतात. चिमटीत दाणा धरणं नवव्या-दहाव्या महिन्याच्या सुमारास जमतं. तोवर वस्तूची खरी पारख तोंडच करतं.

अँड्र्यू मेल्ट्झॉफ आणि रिचर्ड बोर्टन यांनी १९७९ साली महिनाभराच्या बाळांना न दाखवता चोखणी दिली, काहींना गुळगुळीत, काहींना गाठीगाठींची. नंतर दोन्ही आकार समोर धरले, तर बरीचशी बाळं आपण चोखलेल्या आकाराकडेच जास्त वेळ पाहत राहिली. पुढे इतरांना हा निकाल तितका ठळक मिळाला नाही, तरी जिभेला कळलेलं डोळ्यांपर्यंत केव्हा पोचतं, या शोधाला तिथून जोर आला.

आता नातवाच्या हातात चमचा आला की नीट बघा. तो या हातातून त्या हातात घेईल, दांड्यावरून बोट फिरवेल, खोलगट भाग पुन्हा तोंडात घालेल, मग फरशीवर आपटेल. कापडी बाहुली मिळाली तर आपटण्यापेक्षा दाबेल, चिवडेल. वस्तू बदलली की हाताची हालचालही बदलते. मोठ्यांचंही असंच असतं : पोत कळायला आपण बोट घासतो, कडकपणा कळायला दाबतो, वजन कळायला तळहातावर तोलतो. सुसन लेडरमन आणि रॉबर्टा क्लॅट्झकी यांनी १९८७ साली या हालचालींची पद्धतशीर मांडणी केली. तुमचा नातू त्याच शिकतोय.

म्हणून सारखं ‘छी, टाक ते’ म्हणून हिसकावू नका. लाकडी पळी, स्टीलची वाटी, धुतलेला सुती रुमाल द्या. एकच प्लास्टिकचं खेळणं दिवसभर देण्यापेक्षा हे केव्हाही चांगलं. शेंगदाणे, मणी, नाणी मात्र हाताला लागू देऊ नका. आणि रिमोटमधले, घड्याळातले चपटे गोल सेल कुलपात ठेवा. असा सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही आतून भाजतं. गिळल्याचा नुसता संशय आला तरी थेट रुग्णालय गाठा.