लहान शेतकऱ्याचा पहिला ट्रॅक्टर : केव्हा घ्यावा व कसा फेडावा

बैलजोडी मोडून ट्रॅक्टर घ्यावा की काय, हा प्रश्न पाच-सहा एकरांचे शेतकरी आम्हांस वरचेवर विचारीत असतात. सालगडी मिळत नाही, वैरण महाग झाली आहे, आणि पावसाने उघडीप दिली की भाड्याचा ट्रॅक्टर साऱ्या गावास एकाच दिवशी हवा असतो. आपली पाळी येईतो वाफसा निघून जातो. ही अडचण खरी आहे. परंतु अडचण खरी असली म्हणजे तिजवरील प्रत्येक उपाय परवडतोच असे नाही. सन २०१५-१६ च्या कृषिगणनेप्रमाणे महाराष्ट्रातील सरासरी धारणक्षेत्र १.३४ हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकरांहून किंचित अधिक आहे. जमीन वाटणीने लहान होत गेली. यंत्राची किंमत मात्र तिच्या मानाने लहान होत नाही. सबब ट्रॅक्टर घेण्यापूर्वी कागद-पेन्सिल घेऊन काय हिशेब करावा, तेवढेच या लेखात सांगण्याचे योजिले आहे.

कामाचे तास.— ट्रॅक्टर परवडतो की नाही हे एकरांवर नव्हे, तर वर्षात तो किती तास चालतो यावर ठरते. नांगरट, कुळवणी, रोटाव्हेटरची पाळी, पेरणी, मळणी व मालाची वाहतूक यांची यादी करून प्रत्येकीपुढे तास मांडावे. दोन पिके घेणाऱ्या सहा एकरांच्या शेतकऱ्याचे हे काम वर्षाकाठी सुमारे १०० तासांचे भरते असे धरू. उलटपक्षी, ट्रॅक्टरचे आयुष्य हिशेबासाठी साधारणपणे १० वर्षे किंवा १०,००० तास धरतात. म्हणजे यंत्र वर्षास हजार तास राबण्याच्या अपेक्षेने बांधलेले असते. शंभर तास चालून उरलेला काळ ते छपराखाली उभे राहिले, तरी व्याज उभे राहत नाही.

खर्चाचा ताळेबंद.— समजा, लहान ट्रॅक्टर व आवश्यक अवजारे मिळून ७,००,००० रुपये पडले. दहा वर्षांनी त्याचे ७०,००० रुपये येतील असे धरल्यास दरसाल घसारा ६३,००० रुपये होतो. गुंतलेल्या सरासरी भांडवलावर, म्हणजे ३,८५,००० रुपयांवर, शेकडा १० प्रमाणे व्याज ३८,५०० रुपये. विमा, छप्पर वगैरेंस १४,००० रुपये धरावे. एकूण स्थिर खर्च १,१५,५०० रुपये झाला. यंत्र चालो वा न चालो, हा चुकत नाही. इंधन, वंगण, दुरुस्ती व चालकाची मजुरी मिळून तासास ४५० रुपये धरू.

आता शंभरच तास काम झाले, तर स्थिर खर्च तासामागे १,१५५ रुपये पडतो व एकूण खर्च १,६०५ रुपयांवर जातो. पाचशे तास झाले, तर तोच खर्च २३१ व ४५० मिळून ६८१ रुपये होतो. गावात भाडे तासास १,००० रुपये असेल, तर पहिल्या शेतकऱ्याने दर तासास सहाशे रुपये पदरचे घातले, आणि दुसऱ्याने तीनशेहून अधिक वाचविले. बरोबरी कोठे होते ते काढणे सोपे आहे. भाड्याच्या दरातून चालू खर्च वजा करता ५५० रुपये उरतात. त्यांनी १,१५,५०० यांस भागिले असता २१० येतात. म्हणजे वर्षास २१० तास भरले पाहिजेत. घरचे १०० वजा जाता ११० तासांचे काम बाहेरून मिळवावे लागेल. हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. वाचकांनी आपल्या गावचे भाव घालून हाच हिशेब पुन्हा मांडावा.

हप्त्याचा प्रश्न.— येथे पुष्कळ बंधू फसतात. यंत्र परवडणे ही एक गोष्ट आणि हप्ता भरता येणे ही दुसरी. वरील उदाहरणात १,७५,००० रुपये घरचे घालून ५,२५,००० रुपये कर्ज सात वर्षांच्या मुदतीने काढले, तर पहिल्या वर्षी मुद्दल ७५,००० व व्याज ५२,५०० मिळून १,२७,५०० रुपये भरावे लागतील. पुढे व्याज उतरत जाऊन शेवटचा हप्ता ८२,५०० रुपयांचा येईल. २१० तास चालून, विम्यादिकांचे पैसे दिल्यावर, यंत्रापासून १,०१,५०० रुपयेच निघतात. त्यांतही घरच्या शंभर तासांचे ५५,००० हे रोख उत्पन्न नसून केवळ वाचलेले भाडे होय. तेव्हा पहिल्या वर्षी आणखी २६,००० रुपये पिकातून काढावे लागणार. पीक बुडाले तर ते कोठून आणावयाचे, याचे उत्तर सही करण्यापूर्वी तयार असावे.

हप्ता पिकाच्या हंगामास जोडून घ्यावा. सहामाही किंवा वार्षिक असावा. आम्ही स्वतः पहिल्या ट्रॅक्टरचे वेळी दरमहा हप्ता पत्करला. उसाचे पैसे १४ दिवसांत मिळावे असा सन १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश आहे खरा. पण आमचे पैसे लांबले, हप्ते मात्र लांबले नाहीत, आणि घरातील दागिने गहाण ठेवून दोन हप्ते भरावे लागले. दोष यंत्राचा नव्हता, आमच्या कराराचा होता.

पीककर्जाचे पैसे ट्रॅक्टरच्या अनामतीत घालू नयेत. पीककर्जास व्याजाची जी सवलत मिळते ती ट्रॅक्टरच्या मुदतकर्जास लागू नाही, आणि पीककर्ज थकले की ती सवलतही हातची जाते. ट्रॅक्टर तर तारण असतोच. शिवाय पुष्कळ वेळा सातबाऱ्यावर बोजाही चढतो. शेतजमीन सन २००२ च्या सरफेसी कायद्याच्या कक्षेबाहेर आहे, एवढ्यावर निर्धास्त राहू नये. सन १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमान्वये वसुलीचा दाखला मिळवून सहकारी पतसंस्थेस जमिनीपर्यंत येता येते.

अनुदान व कर.— सन २०१४-१५ पासून चालू झालेल्या कृषियांत्रिकीकरण उपअभियानाखाली लहान व अत्यल्प भूधारक, स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींचे शेतकरी यांस अधिक दराने साहाय्य देण्याची तरतूद आहे. मात्र त्यास रकमेची मर्यादा असते. पूर्वसंमती हाती येण्याअगोदर खरेदी करू नये. तसेच अनुदान मिळेलच असे धरून कर्जाचा हिशेब मांडू नये. ट्रॅक्टरवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून शेकडा १२ चा ५ झाला आहे. पावतीत तो तसाच लावला आहे की नाही हे पाहावे.

निवड.— शेजाऱ्याचा पाहून मोठा ट्रॅक्टर घेऊ नये. काळ्या जमिनीची खोल नांगरट वर्षातून एकदाच करावयाची असते. ती भाड्याने करवून घ्यावी व आपले यंत्र नित्याच्या कामापुरते घ्यावे. द्राक्षबागेत तर अरुंद व लहानच ट्रॅक्टर चालतो. अश्वशक्ती विचारताना इंजिनाची किती व अवजार फिरविणाऱ्या दांड्यावर, म्हणजे पी.टी.ओ.वर, किती, हे वेगवेगळे विचारावे. दुसरा आकडा पहिल्याहून कमी असतो व रोटाव्हेटरला तोच लागू पडतो. मध्य प्रदेशात बुधनी येथे ट्रॅक्टरांचे सरकारी परीक्षण होते. त्याच्या अहवालात शक्ती व इंधनाचा खप दिलेला असतो. विक्रेत्याच्या तोंडी वर्णनापेक्षा तो मागून पाहावा. सुटे भाग व कारागीर किती कोसांवर मिळतात, हेही तितकेच महत्त्वाचे. जुना ट्रॅक्टर घेणे झाल्यास इंजिन व सांगाडा यांचे क्रमांक नोंदणीपुस्तकाशी ताडावे आणि पूर्वीच्या कर्जाचा बोजा उतरल्याचा दाखला घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. ट्रॉलीत वऱ्हाड किंवा मजूर भरून नेऊ नयेत. अपघात झाल्यास विमा कंपनी जबाबदारी नाकारते, आणि एका दिवसाच्या सोयीपायी घर बसते.

सावड.— आमच्या बापजाद्यांनी एकेका बैलाचा पैरा करून नांगर चालविले. तीच रीत यंत्रास लावता येते. लगतच्या तीन-चार शेतकऱ्यांनी मिळून ट्रॅक्टर घेतला, तर घरचेच तास दोन-तीनशेंवर जातात. मात्र पाळीचा क्रम, इंधन, दुरुस्तीचा वाटा आणि एखादा बाहेर पडल्यास त्याची भरपाई ही सर्व प्रथमच लेखी करावी. भाऊबंदकीत तोंडी बोली पहिल्या पावसापर्यंतच टिकते.

सारांश, घरचे व खात्रीचे बाहेरचे मिळून बरोबरीइतके तास भरत असतील, हप्ता हंगामास जुळत असेल, आणि एक पीक बुडाले तरी एक हप्ता भरण्याइतकी शिल्लक गाठीस असेल, तर ट्रॅक्टर खुशाल घ्यावा. यांपैकी एकही गोष्ट नसेल, तर आणखी एक वर्ष भाड्याने किंवा सावडीने काढावे. बैलजोडीही यंत्राचा एक हंगाम पुरता पाहिल्याखेरीज विकू नये. वाफसा चुकला तर एक पीक जाते. हिशेब चुकला तर जमीन जाते.